चेलो चेलो, वय वर्षे चौऱ्याण्णव

"समजा, चेलोचं वेगळं तिकीट काढलं, तर त्याला जेवण मिळतं का?"

हा प्रश्न मूगने विमान कंपनीच्या बुकिंग ऑफिसात, पाठीमागे सात माणसांची रांग असताना, खणखणीत आवाजात विचारला. विचारायचं कारण एवढंच, की आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत लांबवेणी आणि खोडरबर या तिच्या दोन मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. तुझी हिंमतच होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दोघी या क्षणी ऑफिसच्या काचेच्या दाराला बाहेरून नाकं चिकटवून उभ्या होत्या आणि काचेवर वाफेचे दोन गोल उमटवत होत्या.

वर्षभरापूर्वी ही पैज त्या आरामात जिंकल्या असत्या. मूगला मूग म्हणतात तेच मुळी ती बालवाडीपासून आठवीपर्यंत मूग गिळून बसली होती म्हणून. हजेरीच्या वेळी ती नुसता हात वर करायची, "हजर" म्हणायची नाही, त्यामुळे पहिल्या बाकावर बसूनही तिची तीन वेळा गैरहजेरी लागली होती. सहावीत वाद्यवर्ग सुरू झाला तेव्हा बाकीच्यांनी बासऱ्या न् व्हायोलिनं पटापट उचलली आणि तोंड न उघडल्यामुळे मूगच्या वाट्याला कोपऱ्यातला चेलो आला. आता चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, उभा केला तर सहावीतल्या मूगच्या खांद्याला लागणारा. एवढं मोठं वाद्य गुडघ्यांत धरून बसल्यावर लपणार कुठे? नववीत तिने अख्ख्या शाळेसमोर तो वाजवला, टाळ्या पडल्या, आणि मूगला कंठ फुटला. असा फुटला, की घरात हल्ली कधीकधी जुन्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकले जातात.

तर प्रश्न विचारून झाला. रांगेतलं कुणीतरी खुसकन हसलं. काउंटरवरच्या तिकीटबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, खणातून एक जाडजूड फाईल काढली, बोटाला थुंकी न लावता चौदा पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"तिकीट आहे म्हणजे प्रवासी आहे. प्रवासी आहे म्हणजे जेवण आहे," त्या म्हणाल्या. "शाकाहारी की मांसाहारी?"

मूग त्या क्षणी तिकीटबाईंवर फिदा झाली. एखाद्या बावळट प्रश्नाला इतक्या इमानदारीने उत्तर देणारं मोठं माणूस तिने तोवर एकच पाहिलं होतं, आणि ते तिच्या शेजारी हातात निळी फाईल घेऊन उभं होतं. ते म्हणजे बाबा.

"शाकाहारी," बाबा विचार करून म्हणाले. "लाकूड आहे."

चेलोचं तिकीट काढावं लागण्याचं कारण असं. दूरच्या एका शहरात एक संगीत विद्यालय आहे. तिथे वर्षाला चेलो वाजवणारा एकच विद्यार्थी घेतात, आणि तोही वयाची सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत. मूगला सोळा पूर्ण व्हायला दोन महिने होते. म्हणजे यंदाची प्रवेश चाचणी हीच पहिली आणि हीच शेवटची. शाळेचा चेलो प्लायवूडचा, त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा. तेव्हा वाद्यवर्गाच्या बाईंनी स्वतःचा, त्यांच्या गुरूंकडून आलेला जुना चेलो वर्षभर सरावाला दिला होता आणि चाचणीलाही न्यायला सांगितलं होतं. फक्त एक अट होती.

"तो विमानाच्या पोटात सामानाबरोबर जाणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तो पोटात गेला तर मीही पोटात बसून जाईन."

बाई अंगापिंडाने भरदार होत्या, त्यामुळे चेलोला वर सीट देणं सगळ्यांनाच सोयीचं वाटलं.

तिकीटबाईंनी संगणकावर फॉर्म उघडला. नाव? चेलो. आडनाव? बाबा घुटमळले. घरचं आडनाव द्यावं तर वाद्य बाईंचं, बाईंचं द्यावं तर त्यांची लेखी संमती नाही. संगणक आडनावाची चौकट रिकामी सोडू देईना. शेवटी तिथेही चेलो लिहिलं. श्री. की श्रीमती? आवाज भारदस्त म्हणून श्री. जन्मतारीख?

"कुठलीही टाका हो," तिकीटबाई म्हणाल्या. "वाद्याला सगळे एक जानेवारी टाकतात."

इथे बाबांविषयी सांगणं भाग आहे. बाबा जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर बसतात. बावीस वर्षं बसतात. लोक कडेवर पोर घेऊन दाखला मागायला येतात, पोर बाबांच्या तोंडासमोर टाहो फोडत असतं, पण कागद पुरा नसेल तर बाबांच्या लेखी ते पोर अजून जन्माला यायचं असतं. "एक सही कमी आहे, उद्या या" हे वाक्य ते झोपेतही म्हणतात, असं आई सांगते. पण त्यांच्या हातून निघालेला एकही दाखला आजवर चुकलेला नाही, आणि मूगला या गोष्टीचा भारी अभिमान आहे.

"बाई," बाबा हळू आवाजात म्हणाले, "कुठलीही तारीख टाकू नये म्हणूनच तर मला पगार मिळतो."

आणि त्यांनी निळ्या फाईलमधून एक फोटो काढला. चेलोच्या पोटात, कारागिराने चिकटवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी असते. आदल्या रविवारी बाबांनी फरशीवर उताणं पडून, आईच्या लॅबमधला टॉर्च दातांत धरून, चेलोच्या भोकातून त्या चिठ्ठीचा फोटो घेतला होता. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: चौदा मार्च, आणि पुढे साल. हिशेब केला तर चेलोचं वय चौऱ्याण्णव वर्षं आठ महिने.

तिकीटबाईंनी फोटो पाहिला, बाबांकडे पाहिलं, आणि तारीख जशीच्या तशी टाकली. दोन काटेकोर माणसं एकमेकांना भेटली की हवेत एक प्रकारचा सुवास येतो, तसा तेव्हा आला. संगणकाने तारीख मुकाट्याने घेतली. घेतल्यावर त्याने आपल्या मनाने आणखी काय काय करून ठेवलं, ते बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मग तयारी सुरू झाली. तयारी घरात सुरू झाली असली तरी ती जिन्यातून वरखाली पसरायला एक संध्याकाळ पुरली. सर्वात आधी आले खालच्या मजल्यावरचे खात्रीकाका. खात्रीकाका निवृत्त आहेत आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "खात्रीने सांगतो" अशी करतात. ते आयुष्यात एकदाच विमानात बसले आहेत, पण त्या एका प्रवासातून त्यांनी जेवढं ज्ञान काढलं तेवढं वैमानिकांनीही काढलं नसेल.

"खात्रीने सांगतो, तारा सैल कर. वर हवा विरळ असते, तारा फटाफट तुटतात."

"काका, केबिनमध्ये हवा भरलेली असते."

"ती माणसांसाठी. वाद्यांना कोण विचारतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी येऊन गादीत गुंडाळायला सांगितलं, तिसऱ्या दिवशी गादी नको म्हणून सांगितलं, चौथ्या दिवशी चेलोचे चार भाग करून न्यावेत आणि तिकडे जोडावेत असा प्रस्ताव मांडला. त्या दिवशी बाईंचा फोन आलेला होता आणि फोन स्पीकरवर होता. त्यानंतर खात्रीकाका दोन दिवस आले नाहीत.

समोरच्या दारातल्या शिवणकाकू बोलल्या कमी आणि उपयोगी जास्त पडल्या. चेलोची पेटी काळी, कडक, पण जुनी. जागोजागी तिचे पोपडे निघालेले. "असं फाटक्या अंगाने पाठवायचं का त्याला?" म्हणत त्या टेप घेऊन आल्या आणि पेटीची मापं कोटाची घ्यावीत तशी घेतली. छाती, कंबर, खांदा ते टाच. तिसऱ्या दिवशी राखाडी जाड कापडाचं कव्हर तयार झालं. त्याला पुढून सहा बटणं होती, आणि कापड उरलं म्हणून कॉलरही होती. ते चढवून चेलो सोफ्याच्या कडेला उभा केला तेव्हा कामावरून आलेल्या आईने दारातच पदर सारखा केला आणि "बसा ना" म्हणाली.

आई रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सुई टोचताना ती ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात घरीही बोलते, त्यामुळे ती काही ठामपणे सांगते आहे हे टोचून झाल्यावरच कळतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मूगच्या केसांना तेल लावता लावता असंच सांगितलं.

"जाऊन ये. अनुभव म्हणून छान आहे. निवड झाली तर आनंदच आहे. राहायचं काय ते मागाहून बघू."

मूगला आईचं "मागाहून बघू" चांगलं ठाऊक होतं. मोठी सायकल मागाहून बघितली जाणार होती, त्याला पाच वर्षं झाली. पोरगी पंधराची, एकटी कधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली नाही, ती परक्या शहरात वसतिगृहात राहणार कशी, हा खरा प्रश्न होता. तो बाबांच्याही चेहऱ्यावर दिसत होता, फक्त तिथे तो सुबक अक्षरात लिहिलेला होता. पण उद्या आपण नुसता अनुभव घ्यायला जात नाही आहोत, हे मूगने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी सहाला मूग, बाबा आणि राखाडी कोटातला चेलो विमानतळावर पोचले. आईची लॅबची पहाटपाळी होती, ती संपवून ती दहाला घरी येणार होती. विमान साडेसातचं, चाचणी बारा वाजता. वेळच वेळ. काउंटरवर बघतात तर तिकीटबाई. त्यांची या आठवड्यात इथे ड्यूटी होती. मूगला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाजूने एक व्हीलचेअर आली. ती ढकलणारे गृहस्थ पन्नाशीचे, इस्त्रीच्या गणवेशातले, मिशा टोकदार. त्यांनी हातातल्या कागदावर पाहिलं.

"श्री. चेलो चेलो. वय चौऱ्याण्णव. आजोबा कुठे आहेत?"

संगणकाने आपल्या मनाने काय केलं होतं ते असं उजेडात आलं. ऐंशीच्या पुढच्या प्रवाशाला तो न विचारता खुर्ची देत असे. त्याने सोबत जेवणही बदलून "मऊ आहार" केलं होतं, पण ते कळायला अजून वेळ होता.

मूगने चेलोकडे बोट दाखवलं. खुर्चीवाल्या मामांनी चेलोकडे पाहिलं. कोट पाहिला, बटणं पाहिली, कॉलर पाहिली. दुसरा कुणी असता तर हसला असता नाहीतर चिडला असता. मामांनी खुर्चीचा ब्रेक लावला, पायपट्टी खाली केली आणि चेलोला दोन्ही हातांनी अलगद उचलून बसवलं.

"एकोणीस वर्षं खुर्ची ढकलतोय," ते मूगला म्हणाले. "माझ्या खुर्चीत बसलेल्याला मी कधी धक्का लागू दिला नाही. आणि हे बरे आहेत. एसीचा वारा लागतो म्हणून कुरकुर नाही." मग पट्टा बांधताना खाली वाकून, "आजोबा, पाय आत घ्या."

"ओळखपत्रं," तिकीटबाई म्हणाल्या.

या क्षणासाठी बाबा दहा दिवस जगले होते. त्यांनी निळी फाईल उघडली. चेलोचा समोरून फोटो, चेलोचा बाजूने फोटो, पोटातल्या चिठ्ठीचा फोटो, वाद्य आपलंच असल्याचं बाईंचं पत्र, त्याच्या तीन प्रती, शाळेच्या मुख्याध्यापकांचा शिक्का, मूगचा जन्मदाखला (बाबांच्याच अक्षरात), मूगचं शाळेचं ओळखपत्र. कागद काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले गेले. तिकीटबाईंच्या डोळ्यांत कौतुक दाटून आलं.

"वा," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं?"

बाबांनी फाईल उलटी केली. मग शर्टाचा खिसा. मग पँटचे चारही. मग, का कुणास ठाऊक, चेलोच्या कोटाची बटणं काढून आत पाहिलं. बाबांचं ओळखपत्र जेवणाच्या टेबलावर होतं. चेलोचे फोटो सरळ रेषेत कापायला पट्टी सापडली नाही म्हणून त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी ते कडेला धरून कात्री चालवली होती, आणि तिथेच ठेवलं होतं.

"मी..." बाबा म्हणाले. "मला तुम्ही ओळखता की. मी समोरच उभा आहे."

हे म्हणताक्षणी त्यांचा चेहरा पडला, कारण हे वाक्य खिडकी क्रमांक तीनवर त्यांना रोज कुणी ना कुणी ऐकवतं. रोज ते त्यावर मान हलवतात. तिकीटबाईंनीही हलवली. अगदी तशीच, वाईट वाटत असल्यासारखी, पण कागदाशिवाय न थांबणारी. चौऱ्याण्णव वर्षांचं लाकूड विमानात बसू शकत होतं, त्याची सगळी कागदपत्रं करणारा माणूस बसू शकत नव्हता. बाबांचे कान इतके लाल झाले, की मूगला वाटलं त्यांना मिठी मारावी. पण चारचौघांत मिठी म्हणजे त्यांना दुसरा धक्का.

घरून ओळखपत्र आणायचं तर एक तास. काउंटर बंद व्हायला बारा मिनिटं.

"मी जाते," मूग म्हणाली.

"एकटी?" बाबा म्हणाले.

"सोळाच्या आतल्या मुलांसोबत त्याच तिकिटावर एक सज्ञान प्रवासी लागतो," तिकीटबाई म्हणाल्या आणि नियमाप्रमाणे पडद्यावर बघू लागल्या. बघता बघता थांबल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "आहे. सज्ञान प्रवासी आहे. चौऱ्याण्णव पूर्ण."

"बाई, तो चेलो आहे," बाबा कळवळून म्हणाले.

"नोंद काय आहे ते सांगा. नोंद तुम्हीच केलीत."

बाबांची फार विचित्र अवस्था झाली. आयुष्यभर त्यांनी डोळ्यांसमोरच्या माणसापेक्षा कागद मोठा मानला होता, आणि आता कागद त्यांच्या पोरीला हाताला धरून घेऊन चालला होता. तिकीटबाई मात्र नुसत्या नियमावर थांबल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला, तिकडच्या विमानतळावरच्या आपल्या मैत्रिणीला गाठलं आणि सांगितलं, की एक मुलगी आणि एक चेलो येताहेत, विमानाच्या दारातून घ्यायचं आणि विद्यालयाच्या दारात सोडायचं, स्वतः. मग मैत्रिणीचं नाव, हुद्दा आणि नंबर एका कागदावर लिहून बाबांपुढे ठेवला, खाली सही केली, वेळ टाकली. बाबांना दुपारच्या विमानात जागा करून दिली.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

"वेळ टाकलीय तुम्ही," ते म्हणाले. फार कमी लोक वेळ टाकतात. मग त्यांनी मूगकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "गजाला राळ लावायला विसरू नकोस."

सुरक्षा तपासणीला मामांनी खुर्ची पुढे घेतली. पेटी तपासणीच्या यंत्रात मावेना. तेव्हा एका उंच, कडक चेहऱ्याच्या सुरक्षा अधिकारी बाईंनी कोटाची बटणं स्वतः काढली, पेटी उघडली आणि चेलोच्या बुडातून लोखंडी दांडा बाहेर ओढला. चेलो जमिनीवर टेकवायला तो असतो. दीड वीत लांब आणि टोकाला अणकुचीदार.

"हा भाला काय आहे?"

"भाला नाही, चेलोचा पाय आहे."

"टोकदार आहे. आत जाणार नाही."

मूगने समजावलं, की पायाशिवाय चेलो उभा राहत नाही. अधिकारी बाईंनी समजावलं, की टोकदार वस्तूशिवाय विमान छान उडतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वर्षभरापूर्वीची मूग इथे रडली असती. आताची मूगही रडायच्या बेतात आली, पण आवाज न चिरकू देता म्हणाली, "ठीक आहे. पाय ठेवून घ्या. चेलो जाऊ द्या."

"आणि हे खरंच वाजतं? की पोकळ पेटी आहे?"

मूगने आसपास पाहिलं. बूट काढलेल्या, पट्टे काढलेल्या माणसांची लांबलचक रांग. ती ट्रे ठेवायच्या स्टुलावर बसली, चेलो गुडघ्यांत घट्ट आवळला आणि चाचणीतल्या तुकड्याच्या पहिल्या आठ ओळी वाजवल्या. पाय नसल्याने चेलो निसटत होता, तो पिंढऱ्यांनी धरावा लागत होता. पण आवाज त्या छताच्या उंच जागेत असा भरून राहिला, की सामानाचा पट्टा चालवणाऱ्याने पट्टा थांबवला. एक गृहस्थ एक मोजा हातात धरून तसेच उभे राहिले.

"प्रवासी श्री. चेलो चेलो," ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "आपण तातडीने दरवाजा क्रमांक चारकडे यावे. ही शेवटची सूचना आहे."

कडक चेहऱ्याच्या अधिकारी बाईंनी कोटाची सहाही बटणं स्वतःच्या हातांनी लावली. सर्वात वरचंसुद्धा. "दांडा तुझ्या वडिलांकडे पोचेल," त्या म्हणाल्या. "मी स्वतः नेऊन देते." मामांनी खुर्ची अशी पळवली की टोकदार मिशा मागे वळल्या, पण चेलोला धक्का म्हणून लागला नाही.

विमानात चेलो खिडकीशी बसला, पट्ट्याला जोडपट्टा लावून. मूग मधे. बाबांची सीट रिकामी, आणि तिच्याकडे बघणं मूगने टाळलं. एअर होस्टेसने दोन ट्रे आणले. चेलोच्या ट्रेमध्ये काहीतरी पांढरं, कोमट आणि दातांची गरज नसलेलं होतं. मूगने ते चाखलं आणि म्हातारपणाविषयी तिला अपार आदर वाटू लागला.

सांगितल्याप्रमाणे तिकीटबाईंची मैत्रीण विमानाच्या दारात उभी होती, आणि पावणेबाराला मूग विद्यालयाच्या दारात. चाचणीच्या खोलीत तीन परीक्षक. मधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "दांडा?"

"विमानतळावर राहिला."

एक परीक्षक आतून चार दांडे घेऊन आले. जुन्या चेलोच्या भोकात एकही बसेना. "मग आमचा चेलो घे," ते म्हणाले. मूगने विचार केला. बोटांना वर्षभर याच चेलोची सवय, आणि बाईंनी एकदा सांगितलं होतं की फार पूर्वी चेलोला पाय नसायचाच, सगळे गुडघ्यांत धरूनच वाजवत.

"मी असाच वाजवते," ती म्हणाली.

पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर, सर्वात अवघड जागी, चेलो सरकला. गज तारेवरून घसरला आणि खुर्ची फरशीवर ओढावी तसा आवाज निघाला. मूगचे कान गरम झाले. खोलीत तीन पेन्सिली एकदम थांबल्या.

"थांबा," मूग म्हणाली. "निसटला. पुन्हा धरते."

तिने चेलो वर ओढला, टाचा जवळ घेतल्या, एक श्वास घेतला आणि त्याच ओळीपासून पुन्हा सुरू करून शेवटपर्यंत वाजवलं. आपण कसं वाजवलं ते तिला कळलं नाही. पिंढऱ्यांना पेटके आलेले तेवढे कळले.

परीक्षकांनी तिला बाहेर बसवलं. सव्वादोनला पांढऱ्या केसांच्या बाई स्वतः बाहेर आल्या आणि बाकावर तिच्या शेजारी बसल्या.

"आज अकरा मुलांनी वाजवलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं कुठे ना कुठे घसरलं. बाकीच्यांनी घसरलेलं तसंच ओढून नेलं. तू थांबलीस, सांगितलंस आणि सावरलंस. ही जागा तुझी. पण पाचपर्यंत हो की नाही सांग, नाहीतर पुढच्या मुलाला फोन करावा लागेल. वर्ग सोमवारी सुरू होतात. इथला चेलो मिळेल, वसतिगृहात खोली आहे. कुणाला विचारायचंय?"

"हो," मूग म्हणाली. "म्हणजे, सांगायचंय."

चार वाजता बाबा आले. घाम निथळतोय, गळ्यात दोरीने ओळखपत्र टांगलेलं, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा. इकडे यायलाही तो त्यांच्याबरोबर आत सोडला नव्हता. त्यामुळे एका सुटकेसच्या आणि एका बाबागाडीच्या मधून, बाबांच्या नावाची चिठ्ठी लावलेला, तो एकटाच सामानाच्या पट्ट्यावर गोल फिरत आला होता, आणि बाबांना तो सगळ्यांदेखत उचलावा लागला होता.

"उशीर झाला का?" बाबांनी दांडा पुढे केला. "वाजवलंस?"

"वाजवलं."

"पायाशिवाय?"

"पायाशिवाय."

बाबा बाकावर टेकले. त्यांनी दांडा मांडीवर ठेवला आणि बराच वेळ वर्तमानपत्राच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. सकाळपासून त्यांच्या मानाचा जो काही चुरा झाला होता तो बहुतेक ते त्या सुरकुत्यांबरोबर सारखा करत होते. मूग त्यांच्याकडे बघत होती. या माणसाने एका लाकडी वाद्याची खरी जन्मतारीख लिहिली म्हणून ती आज इथे पोचली होती. दुसऱ्या कुणी एक जानेवारी टाकून हात झटकले असते.

"आईला फोन लावा," ती म्हणाली. "स्पीकरवर."

आईने पहिल्याच घंटेला उचलला. "जेवलीस का? पोचलीस ना नीट? तुझ्या बाबांचं ओळखपत्र मी दोरीत ओवून दिलंय, आता काढू नका म्हणावं. आणि कसं झालं? नाही झालं तरी काही बिघडत नाही, अनुभव..."

"आई, मला घेतलंय."

बाबांचा हात कागदावर थांबला.

"बरं," आई मग सुई टोचायच्या आवाजात म्हणाली. "छान झालं. खूप छान झालं. आता तू घरी ये, मग आपण मागाहून..."

"मागाहून नाही, आई. त्यांना पाचला उत्तर हवंय. आणि बाबा, तुम्ही काही बोलायच्या आधी ऐका. सकाळी मी एकटी आले. पाय काढून घेतला तेव्हा मी बोलले, चेलो निसटला तेव्हा बोलले. वाईट काही झालं नाही. जे झालं ते मला निस्तरता आलं."

बाबांनी चष्मा काढला आणि डोळ्यांना लावलेला रुमाल चष्म्यालाच लावत असल्यासारखं केलं.

"रविवारची परतीची तीन तिकिटं आहेत," मूग म्हणाली. "तुमचं आणि चेलोचं असू द्या, बाईंना तो जपून नेऊन द्यायचाय. माझं रद्द करा. मी इथे राहतेय."